कारखान्यात घडलेली भिंत : पूर्वनिर्मित फलकगृहांच्या इतिहासाचा एक विचार

१

गृहनिर्माणाच्या इतिहासाकडे आपल्याकडील अभ्यासक बहुधा वास्तुशैलीच्या किंवा नगररचनेच्या अंगाने पाहत आले आहेत. घराची भिंत कोणी, कोठे व कोणत्या साधनांनी घडविली, आणि त्या रीतीमुळे घराची किंमत उतरली की चढली, हा प्रश्न अभियंत्यांचा मानून इतिहासकाराने तो सामान्यतः बाजूस ठेवला आहे. वस्तुतः विसाव्या शतकात कोट्यवधी लोकांचे राहणे ज्या एका तांत्रिक निर्णयाने बदलले, तो निर्णय भिंतीसंबंधीचाच होता. भिंत जागेवर वीट-वीट रचून न बांधता ती खोलीच्या मापाची एक अखंड फळी म्हणून कारखान्यात ओतावयाची, गाडीवरून वाहून आणावयाची व यारीने उचलून जागी बसवावयाची, असा तो निर्णय. अशा भिंतफळीला प्रस्तुत लेखात ‘फलक’ असे म्हटले आहे. व्यवहारात तिला पॅनेल म्हणतात.

ह्या पद्धतीचा इतिहास चाळताना एक गोष्ट प्रथमच डोळ्यांत भरते. एकच तंत्र जवळजवळ एकाच काळात मॉस्कोस अपेक्षेपलीकडे यशस्वी झाले आणि दिल्लीस अल्पावधीत बंद पडले. ह्या अंतराचे स्पष्टीकरण ‘रशियन यंत्रे चांगली, आपली यंत्रे वाईट’ एवढ्यावर भागत नाही. फलकगृह स्वस्त पडते की महाग, ते टिकते की कोसळते, हे फलकाच्या गुणावर थोडे व त्याच्या भोवतीच्या तीन गोष्टींवर अधिक अवलंबून असते. मागणीचे सातत्य ही पहिली, फलकांचे सांधे ही दुसरी आणि घर उभे राहिल्यावर त्याची निगा राखण्याची जबाबदारी ही तिसरी. प्रस्तुत लेखात हे ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे पाहावयाचे आहे.

२

फलकगृहाची कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे असा समज आढळतो, पण तो बरोबर नाही. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराचे अभियंता जॉन अलेक्झांडर ब्रॉडी यांनी १९०५ साली एल्डन स्ट्रीट येथे कामगारांसाठी जी घरे उभारली, त्यांच्या भिंती खोलीच्या मापाच्या काँक्रीटच्या फलकांच्या होत्या. शहरातील कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांतून उरणारी खडी त्या काँक्रीटमध्ये वापरली होती. अर्थात मूळ हेतू काटकसरीचाच होता. हेच ब्रॉडी पुढे १९१२ साली नव्या दिल्लीची जागा व आराखडा ठरविणाऱ्या समितीवर लट्यन्स व स्विंटन यांच्यासमवेत हिंदुस्थानात आले. ह्या नव्या राजधानीत मात्र त्यांच्या फलकांना स्थान नव्हते. तेथे दगड, वीट व विपुल मनुष्यबळ यांचेच राज्य होते. ह्या योगायोगाला फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही. तथापि जेथे गवंडी स्वस्त आहे तेथे गवंड्याला वगळणाऱ्या तंत्राचे प्रयोजन काय, हा पुढे ३६ वर्षांनी त्याच शहरात उभा राहणारा प्रश्न त्यातून सूचित होतो.

पहिल्या महायुद्धानंतर घरटंचाईने पिडलेल्या युरोपात ह्या कल्पनेला पुन्हा चालना मिळाली. बर्लिनच्या फ्रीड्रिक्सफेल्डे भागात १९२६ ते १९३० ह्या काळात मार्टिन वाग्नर यांच्या पुढाकाराने १३८ घरांची एक वसाहत फलकांतून उभी राहिली. तिच्यासाठी हॉलंडमधील ‘ऑक्सिडेंट’ ह्या पद्धतीचा अवलंब केला होता. फलक जागेवरच जमिनीवर आडवे ओतीत व मग रुळांवरून सरकणाऱ्या यारीने उभे करीत. मोठ्या फलकाचे वजन सुमारे ७ टनांपर्यंत जाई. तांत्रिक दृष्ट्या प्रयोग फसला नाही, कारण ती घरे पुढे अनेक दशके वापरात राहिली. परंतु ज्या बचतीसाठी हा खटाटोप केला ती बचत हाती आली नाही. यारी, तिचे रूळ व साचे यांचा खर्च १३८ घरांवर वाटला गेला, आणि एवढ्या थोड्या घरांवर तो वाटून हलका होणे शक्य नव्हते.

ह्या उदाहरणातून फलकपद्धतीच्या अर्थशास्त्राचा पहिला नियम हाती येतो. विटेच्या कामात बहुतेक खर्च घराच्या संख्येबरोबर वाढतो. दहा घरांना लागणारी वीट, चुना व मजुरी ही एका घराच्या साधारण दहापट असते. फलकाच्या कामात मोठा खर्च पहिले घर उभे राहण्याच्या आधीच होऊन चुकलेला असतो. पोलादी साचे, काँक्रीट लवकर घट्ट व्हावे म्हणून वाफ देण्याच्या कोठ्या, अवजड गाड्या आणि यारी ही सारी सामग्री आधी खरेदी करावी लागते. म्हणून कारखान्याला हजारो घरांची व वर्षानुवर्षे न खंडणारी मागणी हवी असते. मागणी खंडली की त्याच फलकाची किंमत विटेहूनही वर जाते.

३

हा नियम ओळखून त्याप्रमाणे व्यवहार करणारा पहिला महत्त्वाचा मनुष्य म्हणजे फ्रेंच अभियंता रेमाँ कामू. मोटारीच्या कारखान्यातील उत्पादनाचा त्यांना अनुभव होता, आणि १९४८ साली त्यांनी आपल्या फलकपद्धतीचे पेटंट घेतले. त्यांचा फलक हा नुसता काँक्रीटचा पत्रा नव्हता. खिडकीची चौकट, विजेच्या तारांच्या नळ्या, उष्णतारोधक थर व बाहेरचे पृष्ठकाम ही सारी कामे कारखान्यातच आटोपून तो बाहेर पडे. परंतु कामूंच्या यशाचे मर्म पेटंटात शोधू नये. फ्रेंच सरकारच्या पुनर्बांधणी मंत्रालयाने पॅरिस परिसरातील सुमारे ४,००० घरांची मागणी एकत्रितपणे नोंदविली तेव्हाच त्यांचा कारखाना आर्थिक दृष्ट्या उभा राहू शकला. म्हणजे शासनाने येथे दोन कामे केली. घरे बांधून घेतली ती तर खरीच, परंतु त्याबरोबर कारखान्याच्या भांडवलावरील धोकाही आपल्या शिरावर घेतला.

सोव्हिएत संघात हेच तत्त्व त्याच्या तार्किक टोकापर्यंत नेण्यात आले. युद्धाने तेथील असंख्य शहरे उद्ध्वस्त झाली होती. मॉस्को-लेनिनग्राडसारख्या नगरांतून एकेका खोलीत एकेक कुटुंब, आणि स्वयंपाकघर व न्हाणीघर सर्वांत सामाईक, अशी ‘कोम्मुनाल्का’ नावाची राहणी रूढ झाली होती. मुंबईच्या चाळीतील राहणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ह्या राहणीची कल्पना देण्यास फारसे शब्द नकोत. ह्याउलट स्टालिनच्या काळातील नवी बांधकामे स्तंभ, कमानी व शिखरे यांनी नटलेली, खर्चिक आणि संख्येने अपुरी होती.

१९ ऑगस्ट १९५४ रोजी पूर्वनिर्मित सलोह काँक्रीटच्या उत्पादनासंबंधी शासकीय निर्णय झाला. त्याच वर्षीच्या ७ डिसेंबरला क्रेमलिनमधील बांधकाम-व्यावसायिकांच्या परिषदेत निकिता ख्रुश्चेव्ह यांनी वास्तुकारांच्या अलंकारप्रियतेवर प्रखर टीका केली आणि पूर्वनिर्मित काँक्रीटचा पुरस्कार केला. ४ नोव्हेंबर १९५५ चा आदेश आराखड्यांतील ‘अतिरेक’ दूर करण्याविषयीचा होता. ३१ जुलै १९५७ च्या आदेशाने १० ते १२ वर्षांत घरटंचाई संपविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. हा क्रम अर्थपूर्ण आहे. आधी कारखाने, मग साधेपणाची सक्ती आणि शेवटी मागणीची हमी, असे तीन पायऱ्यांनी हे धोरण पुढे सरकले. कारखान्याने साच्याची पुनरुक्ती करावयाची तर आराखड्यातील वैविध्य आधी संपविणे भाग होते. म्हणून अलंकारावरील टीका केवळ अभिरुचीचा वाद नव्हता. त्यामागे साच्याचे अर्थशास्त्र होते.

मॉस्कोच्या नैर्ऋत्येस नोव्हिये चेर्योमुश्की येथील नवव्या विभागात १९५६ ते १९५८ ह्या काळात निरनिराळ्या आराखड्यांची व सामग्रीची घरे शेजारी शेजारी बांधून त्यांची तुलना करण्यात आली. अभियंता विताली लागुतेंको यांनी तयार केलेली ‘के-७’ ही पाच मजली मालिका पुढे मोठ्या प्रमाणावर उभारण्यात आली. मजले पाचच, कारण तेथील नियमांप्रमाणे त्याहून उंच इमारतीस उद्वाहक आवश्यक होता. छताची उंची सुमारे २.५ मीटर, स्वयंपाकघर ५ ते ६ चौरस मीटर, संडास व स्नानगृह एकत्र. आतून गिलाव्याचे काम जवळजवळ नाहीच. लागुतेंकोंनी गिलाव्यासारखी ‘ओली’ कामे जागेवरून हद्दपार केली, कारण बांधकामाचा वेळ खातात ती हीच कामे. १९६१ साली मॉस्कोत पहिला ‘गृहनिर्माण संघात’ स्थापन झाला. फलक ओतणारा, वाहून नेणारा व बसविणारा असे तीन वेगळे कारभार त्यात एका छत्राखाली आले, आणि गाडीवरून उतरलेला फलक साठ्यात न ठेवता थेट यारीला लावून जागी चढविणे शक्य झाले.

ह्या घरांना लोकांनी ‘ख्रुश्चोव्का’ हे नाव दिले, आणि पुढे रशियन भाषेतील झोपडपट्टीवाचक शब्दाशी सांगड घालून ‘ख्रुश्चोबा’ असा उपहासही केला. परंतु आजच्या उपहासाच्या चष्म्यातून १९६० मधील अनुभवाकडे पाहणे हा इतिहासाच्या दृष्टीने दोष होय. ज्या कुटुंबाने वीस वर्षे परक्या कुटुंबांबरोबर एकच चूल वापरली त्याला स्वतःच्या दाराची आतली कडी हीच मोठी प्राप्ती होती. दिमित्री शोस्ताकोविच यांच्या ‘मॉस्को, चेर्योमुश्की’ ह्या संगीतिकेचा पहिला प्रयोग जानेवारी १९५९ मध्ये झाला, तो ह्याच नव्या घराच्या आशेवर आधारलेला आहे. फलकाने येथे कौटुंबिक एकांत नावाची वस्तू घाऊक प्रमाणात निर्माण केली, असे म्हणावयास हरकत नाही.

४

आता दिल्लीकडे वळू. फाळणीनंतर दिल्लीत जवळजवळ ५ लाख निर्वासित आले. १९४१ साली सुमारे ९.१८ लाख असलेली दिल्लीची लोकसंख्या १९५१ च्या जनगणनेत १७.४४ लाखांवर गेली. राजकुमारी अमृत कौर यांच्या आरोग्य मंत्रालयाकडे त्या वेळी गृहनिर्माणाचा विषय होता. ओट्टो कोएनिग्सबर्गर हे मूळचे बर्लिनचे वास्तुकार. नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागलेल्या ह्या गृहस्थांनी १९३९ पासून म्हैसूर संस्थानात मुख्य वास्तुकार म्हणून काम केले होते, आणि १९४८ साली ते केंद्र शासनाचे गृहनिर्माण संचालक झाले. त्यांच्या कारकीर्दीत दिल्लीच्या जंगपुरा भागात शासकीय गृहनिर्माण कारखाना उभा राहिला. सच्छिद्र, म्हणजे फेसाळलेल्या, काँक्रीटचे फलक तयार करून निर्वासितांसाठी घरे जलद उभारावयाची, अशी योजना होती.

योजना फलद्रूप झाली नाही. फलकांना तडे जाऊ लागले, उत्पादनाचा वेग अपेक्षेप्रमाणे वाढला नाही, आणि झालेल्या खर्चावरून संसदेत कडक टीका झाली. कोएनिग्सबर्गर १९५१ साली भारत सोडून गेले व पुढे लंडनमध्ये उष्ण कटिबंधातील वास्तुविद्येचे अध्यापक म्हणून प्रसिद्धीस आले. जानेवारी १९५३ मध्ये कारखान्याचे ‘हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी लिमिटेड’ ह्या कंपनीत रूपांतर झाले. १९७८ पासून तिचे नाव ‘हिंदुस्थान प्रीफॅब लिमिटेड’ असे झाले.

ह्या अपयशाचा दोष एका अधिकाऱ्यावर वा एका मिश्रणावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. मिश्रणाचा प्रश्न खरा होता, ह्यात शंका नाही. काँक्रीटमध्ये हवेचे बुडबुडे कोंडले की ते हलके व उष्णतारोधक होते, परंतु वाळताना अधिक आकसते. पुरेशा दाबाच्या वाफेत त्याचे संस्करण झाले नाही तर ते आकुंचन पुढे तड्यांच्या रूपाने प्रकट होते. तथापि तो प्रश्न सुटला असता तरी दोन अडचणी उरल्याच असत्या. पहिली अशी की फलकपद्धती मजुरी वाचविते व भांडवल, सिमेंट, पोलाद आणि इंधन खर्च करते. १९४८ च्या भारतात मजूर मुबलक होता आणि उरलेल्या चारही गोष्टी दुर्मिळ होत्या. दुसरी अडचण मागणीच्या स्वरूपाची. निर्वासितांची निकड तीव्र होती, परंतु ती काही वर्षांपुरती होती. कारखाना मात्र पंचवीस-तीस वर्षांच्या हिशेबाने उभारावयाचा असतो. निकड म्हणजे मागणी नव्हे, हा भेद त्या वेळच्या योजनाकर्त्यांच्या पुरेसा ध्यानात आला नाही असे दिसते.

भारतीय परिस्थितीशी अधिक जुळणारे उत्तर निराळ्या दिशेने आले. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने (स्थापना १९४७) संपूर्ण भिंतीऐवजी छताचे लहान पूर्वनिर्मित घटक विकसित केले. काँक्रीटच्या फळ्या व त्यांना आधार देणाऱ्या कड्या अशा मापाच्या ठेवल्या की चार माणसांनी त्या हातांनी उचलून बसवाव्यात. येथे यारीचा खर्च गळाला, परांची व साचेकाम यांची बचत मात्र कायम राहिली. मजूर नाहीसा न करता त्याचे श्रम सुकर करणारे हे अर्धे पूर्वनिर्माण आहे, आणि आपल्याकडील तंत्रेतिहासात त्याची दखल फार अल्प घेतली गेली आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात बाबुराव गोविंदराव शिर्के यांच्या कार्याचा निर्देश येथे अपरिहार्य आहे. वाईजवळच्या पसरणी गावी १९१८ साली जन्मलेल्या ह्या अभियंत्याने स्वीडनमधील ‘सिपोरेक्स’ ह्या सच्छिद्र काँक्रीटचे तंत्र पुण्यात आणले. दिल्लीत ज्या कुळातील सामग्रीने दगा दिला त्याच कुळातील ही सामग्री, परंतु ती उच्च दाबाच्या वाफेत सिद्ध केलेली होती. शिवाय शिर्के यांच्या पद्धतीत खांब व तुळया घट्ट काँक्रीटच्या असून सच्छिद्र काँक्रीटची योजना छताच्या लाद्यांसाठी असे, आणि सांधे जागेवर काँक्रीट ओतून एकजीव करीत. म्हाडा व सिडको ह्या सार्वजनिक संस्थांच्या मोठ्या वसाहतींच्या कामांनी ह्या पद्धतीला ते सातत्य दिले, जे जंगपुऱ्याच्या कारखान्यास लाभले नव्हते.

५

दुसरा मुद्दा सांध्यांचा. विटेच्या भिंतीत सांधे असंख्य व बारीक असतात आणि त्यांतील एखादा सदोष राहिला तरी भिंत उभी राहते. फलकगृहात सांधे थोडे, परंतु प्रत्येक सांध्यावर भार मोठा. लंडनच्या पूर्व भागातील ‘रोनन पॉइंट’ ही २२ मजली इमारत हे ह्याचे ठळक उदाहरण होय. १६ मे १९६८ रोजी पहाटे अठराव्या मजल्यावरील एका घरात गॅसचा स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता, परंतु त्याने भार वाहणारा बाहेरचा फलक निखळला. त्यावरील मजल्यांचा आधार गेला, ते खाली आले, आणि त्यांच्या आघाताने खालचे मजलेही एकामागून एक कोसळत इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत नाहीसा झाला. चार माणसे मृत्यू पावली. इमारतीत लोक राहावयास येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

वापरलेली डॅनिश पद्धती मूळ कमी उंचीच्या इमारतींसाठी होती. ब्रिटनमध्ये १९५६ च्या कायद्याने इमारत जितकी उंच तितके शासकीय अनुदान अधिक अशी व्यवस्था केली होती, आणि त्यामुळे ती पद्धती तिच्या मर्यादेपलीकडे ताणली गेली. १९८६ साली इमारत मजल्यामागून मजला उकलून पाडली तेव्हा अनेक सांध्यांत पुरेसा मसाला नव्हता, काही ठिकाणी वर्तमानपत्रांचे बोळे होते, असे आढळून आले. फलक कारखान्यात तपासले जातात. सांधा मात्र पावसात, उंचीवर व घाईत, ठेकेदाराच्या मजुराकडून भरला जातो. गुणवत्तेची सारी काळजी कारखान्यात व सारा धोका जागेवर, अशी ही विषम विभागणी आहे.

परंतु ह्यावरून फलकपद्धतीच घातक असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ७ डिसेंबर १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपात लेनिनाकान शहरातील पूर्वनिर्मित खांब-तुळयांच्या सांगाड्याच्या नऊ मजली इमारती मोठ्या संख्येने कोसळल्या, आणि त्याच शहरातील मोठ्या फलकांच्या इमारती मात्र उभ्या राहिल्या. फलकांची घरे पेटीसारखी सर्व बाजूंनी आवळलेली असतात, त्यामुळे आडवा धक्का अनेक भिंतींत वाटला जातो. सांगाड्यात तो सारा थोड्या जोडांवर येतो. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात पूर्वनिर्मित घटकांच्या एकमजली शाळांची छते मोठ्या प्रमाणावर खाली आली. त्या लाद्या भिंतींशी व एकमेकींशी नीट बांधलेल्या नव्हत्या. प्रजासत्ताक दिनाच्या सुटीमुळे वर्ग रिकामे होते, एवढेच त्यातल्या त्यात भाग्य. तिन्ही घटनांचा अर्थ एकच निघतो. पूर्वनिर्मित इमारतीची सुरक्षितता तिच्या घटकांच्या बळावर नव्हे, तर त्यांच्या परस्परबंधावर ठरते.

६

शेवटचा मुद्दा काळाचा. फलकगृह उभे राहते काही आठवड्यांत, राहावयाचे असते पन्नास वर्षे. बांधकामाच्या वेळी वाचलेला खर्च पुढे गळणारे सांधे, गंजलेले पोलादी जोड व थंड भिंती यांच्या रूपाने रहिवाशांकडे येतो. सोव्हिएत संघात घर व निगा दोन्ही शासनाची होती. १९९१ नंतर घरे मोठ्या प्रमाणात रहिवाशांच्या मालकीची झाली, म्हणजे जुन्या काटकसरीचे देणेही त्यांच्याकडे आले. १ जुलै २०१७ रोजी मॉस्कोतील ५,००० हून अधिक जुन्या इमारती पाडून रहिवाशांना नवी घरे देण्याचा कायदा झाला तेव्हा सुमारे १० लाख लोकांच्या घरांचा प्रश्न पुन्हा शासनाच्या दाराशी आला.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत नव्या तंत्रांच्या नमुना वसाहतींची पायाभरणी झाली. त्यांपैकी चेन्नईची १,१५२ घरांची वसाहत पूर्वनिर्मित काँक्रीटच्या पद्धतीची आहे, तर इंदूरची १,०२४ घरे पूर्वनिर्मित स्तरित फलकांची आहेत. अशा योजनांचे मूल्यमापन साधारणतः घर किती दिवसांत उभे राहिले ह्या एका मापाने केले जाते. शतकाहून अधिक काळाचा हा इतिहास पाहता ते माप अपुरे आहे. कारखान्याला पुढील वीस वर्षांचे काम कोण देणार, सांधा कोणी भरला व तो कोणी तपासला, आणि तिसाव्या वर्षी तो उकलू लागल्यास त्याचा खर्च कोण सोसणार, हे तीन प्रश्न प्रत्येक योजनेस विचारले गेले पाहिजेत. त्यांची उत्तरे ठेक्याच्या कागदपत्रांत, तपासणीच्या नोंदवह्यांत व रहिवासी संस्थांच्या हिशेबांत विखुरलेली असतात. अभियंत्याला ती कालबाह्य वाटतात आणि इतिहासकाराला क्षुल्लक, म्हणून ती रद्दीत जातात. मुंबई व नवी मुंबईतील पूर्वनिर्मित वसाहतींची ही साधने अद्याप मिळण्याजोगी आहेत तोवर एखाद्या अभ्यासकाने ती गोळा करण्याचे काम हाती घ्यावे; कारण ज्यांची मिळकत थोडी त्यांच्यासाठी स्वस्त घर म्हणजे बहुधा आयुष्यातील एकमेव घर असते, आणि त्या घराचा हिशेब पहिल्या दिवशी पुरा होत नाही.